मलईच्या हरकतीची हकिकत

प्रथम विद्येस नमन, मग परीक्षेस दोन वेळा नमन, कारण विद्या रुसली तर समजूत घालता येते. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरी, एका राज्यात वर्तमान जाहले ते जैसे पाहिले तैसे लिहितो. राज्याचे नाव सांगत नाही, सांगितल्यास पुढील साली चार पर्यायांत विचारतील. त्या राज्यात अंमलदार नेमावयाचा तर दरबार शंभर सवाल घाली, बरोबर उत्तरास एक गुण देई, चुकीस पाव गुण दंड करी, आणि शेवटी एक रेषा ओढी. रेषेस पोचले ते अंमलदार, खाली राहिले ते पुन्हा अभ्यासिकेत. अभ्यासिका ही या फौजेची छावणी. साठ खुर्च्या, साठ बाटल्या, आणि ज्या खुर्चीवर रुमाल पडला ती खुर्ची रुमालवाल्याची, ऐसा कायदा. इतिहास-भूगोल छावणीस मुखोद्गत, परंतु विज्ञान व तंत्रज्ञान हा किल्ला बिकट, तेथे भले भले शिडीवरून घसरत. मग सर्वांचा भार श्रीरंगपंत ढमढेरे यांजवर पडला. पंत यंत्रविद्येचे पदवीधर, छावणीत सहावे वर्ष, आणि त्यांची विज्ञानाची वही एकशे बारा पानांची, तीन रंगांत लिहिलेली. ती वही कोपऱ्यावरचे झेरॉक्सवाले गुलाबशेट यांनी काढून काढून चारही सुभ्यांत पोचविली, आणि जयाजवळ ती प्रत नाही तो परीक्षार्थीच नव्हे, ऐसे लोक म्हणो लागले. पंतांस दुसरा शौक हरकतींचा. परीक्षा जाहली की दरबार उत्तरांची पहिली यादी लावी, आणि आठ दिवसांत कोणी ग्रंथाचे पान दाखवून चूक सिद्ध केली तर यादी फिरवी. पंतांनी ऐशा सतरा हरकती जिंकिल्या, त्यांची नोंद वहीचे शेवटचे पानावर. स्वतः किती वेळा हरले, त्याची नोंद ठेविली नाही.

त्या छावणीत वैजयंता खरात नामे बाई होत्या. पदवी भाषेची, डोके हिशेबी, आणि हा त्यांचा तिसरा प्रयत्न. वडील गावचे दूध संघाचे सचिव. त्यांणी करार केला होता की, "तीनदा बघ. नाही जमलं तर संघात टेबल रिकामं आहे, दुधाचं फॅट लिहीत बस." बाईंस त्या टेबलाचे स्वप्न पडे आणि घाम फुटे. ऐशात एके दिवशी पंत वही वाचून सर्वांस सांगते जाहले की, दूध यंत्रात गरगर फिरविले असता मलई कडेशी जाते. तेव्हा वैजयंताबाई म्हणाल्या, "पंत, आमच्या संघात मलई मधून निघते. मी स्वतः बरणी धरलीय खाली." पंत हसून बोलिले, "बाई, मलई दाट. दाट ते जड. आणि जड ते कडेला फेकलं जातं. तुमच्या संघानं यंत्र उलटं बसवलं असेल." छावणी खदखदा हसली आणि बाई पाणी पिऊन आपले वाचनास लागल्या.

मग परीक्षा जाहली, आणि दैवाची चेष्टा ऐसी की सत्तेचाळिसावा सवाल तोच आला. एकोणसाठ असामींनी पंतांची वही स्मरून "कडेशी" ऐसे रंगविले. वैजयंताबाईंनी पेन उचलिले, वही आठविली, बरणी आठविली, आणि बरणीस स्मरून "मध्याशी" रंगविले. पुढे दरबाराची पहिली यादी लागली, तीत उत्तर "कडेशी". छावणीत जयजयकार. मग सर्वांनी गुणांचा ताळा केला, तो पंतांस साडेएकसष्ट, वैजयंताबाईंस साडेसाठ, आणि जाणते म्हणत की रेषा साडेएकसष्टावर पडेल. म्हणजे सहा वर्षांनी पंतांची पावले प्रथमच रेषेवर, आणि बाई एका गुणाने संघाचे टेबलावर. हरकत साधती तर बाईंस एक गुण मिळता आणि पाव दंड परतता, एकूण सव्वा. परंतु दरबारास बरणीची साक्ष चालत नाही, ग्रंथ पाहिजे, पान पाहिजे, ओळ पाहिजे.

बाई सात दिवस ग्रंथ धुंडीत फिरल्या, न मिळाला. आठवे दिवशी छावणीत हरकतीची कुणकुण लागली, तेव्हा मारुतराव बोबडे, जे छावणीत सर्वांचे वतीने बोलत, पुढे होऊन म्हणाले, "ताई, तुमचा सव्वा वाढतोय हे खरं. पण आमचा प्रत्येकाचा सव्वा जातोय. एकोणसाठ जणांचे मिळून पावणेचौऱ्याहत्तर गुण! एका बरणीपायी?" वैजयंताबाई बोलिल्या, "मग काय करू? मलईला सांगू, बाई गं, कडेला जा?" आणि त्या थेट पंतांकडे वळोन म्हणाल्या, "पंत, तुमचं ते जाड यंत्रविद्येचं पुस्तक द्या." पंत वहीत पाहत म्हणाले, "ते गावी आहे." आता पंतांची खुर्ची बुटकी, म्हणोन सहा वर्षे ते त्याच पुस्तकावर बसत, हे छावणीत कोणास ठाऊक नव्हते ऐसे नाही. बाई खुर्चीकडे वाकून पाहत्या जाहल्या आणि म्हणाल्या, "गाव फारच जवळ आहे हो तुमचं." पंत लाजले, उठले, आणि पुस्तक काढून पाने उलटो लागले, तो फिरत्या यंत्रांचे प्रकरणी थांबले. तेथे तांबड्या शाईची रेघ होती: हलके ते मध्याशी राहते, जैसे दुधातील मलई. आणि समासात पंतांचेच कॉलेजातील अक्षर: "सोपे! विसरणे अशक्य."

पंतांचा चेहरा उतरला. बोबडे हळूच म्हणाले, "पंत, मिटा ते. कोणी पाहिलं नाही." पंत म्हणाले, "मी पाहिलं ना." बोबडे म्हणाले, "अहो, सहा वर्षांनी रेषा लागलीय पायाला!" तेव्हा पंत बसले, तेही आता बुटक्याच खुर्चीवर, हनुवटी मेजास लागली, आणि बोलिले, "बोबडे, समोर चुकलेली यादी असली की मला जेवण जात नाही. यात माझा काही मोठेपणा नाही, सवय आहे." आणि अर्ज ओढून लिहो लागले. वैजयंताबाईंनी स्वतःच ग्रंथ मागितला होता, तरी त्यांस भरून आले, म्हणाल्या, "पंत, तुमचा सव्वा जाईल." पंत म्हणाले, "लिहिताना मधे बोलू नका, पान नंबर चुकतो." सायंकाळी मुदत सरण्याआधी अर्ज पोचला, आणि पंतांनी वहीचे शेवटी लिहिले, अठरावी.

पुढे दरबाराने यादी फिरविली. वैजयंताबाई पावणेबासष्टावर गेल्या, पंत सव्वासाठावर आले, आणि छावणीने पंतांशी तीन दिवस चहा वर्ज्य केला. मग निकाल लागला, आणि सर्व थक्क. रेषा पडली सव्वासाठावर! कारण पाहता ऐसे निघाले की, पंतांची वही चारही सुभ्यांत पोचलेली, चारही सुभ्यांनी मलई कडेस लाविलेली, तेव्हा सव्वा गुण एकट्या छावणीचा गेला नाही, अवघ्या राज्याचा गेला, आणि रेषाही तितकीच खाली उतरून पंतांचे पायाशी येऊन बसली. बाई निवडल्या गेल्या, पंतही निवडले गेले. बोबडे पाऊण गुणाने राहिले, ते आधीही पाऊण गुणानेच राहत होते, म्हणोन राग धरिला नाही आणि पेढे दोन जास्त खाल्ले. बाईंचे वडील फोनवर म्हणाले, "मलईनं तारलं म्हणायचं! टेबल दुसऱ्याला देतो मग."

मग पंत तांबडी शाई घेऊन गुलाबशेटांचे दुकानी गेले आणि म्हणाले, "शेट, वहीत एक ओळ चुकलीय, मूळ प्रत द्या, दुरुस्त करतो." गुलाबशेट मूळ प्रत पोटाशी धरून बोलिले, "साहेब, हात लावू नका. सकाळपासून दीडशे प्रती गेल्या. लोक म्हणतात, निकालात लागलेल्याची वही पाहिजे, जशीच्या तशी!" पंत पुष्कळ विनविते जाहले, परंतु शेट न ऐकत, आणि मागे रांग वाढत चालली.

येणेप्रमाणे निवड दोन, हरकती अठरा, आणि त्या राज्यात मलई अद्याप कडेशीच जाते. पंतांनी हरकतीचा कोरा अर्ज एक जवळ बाळगिला आहे, आणि एकोणिसावी हरकत आपलेच वहीवर घेण्याचा त्यांचा मानस आहे. लिहिणाराने स्वतः त्या वहीची प्रत घेतली, ती रांगेत तिसरा उभा राहून.