पहिल्या दिवसाचा धूर

भारतातल्या एका बँकेच्या डच उपकंपनीचा पंचविसावा वाढदिवस ऐन कोरोनात आला, आणि तिचा इतिहास लिहायचं काम गुरुनाथरावांच्या गळ्यात पडलं. ते बरोबरच होतं. तीन वर्षांसाठी म्हणून आलेल्या पहिल्या तुकडीतले बाकी सगळे केव्हाच भारतात परतले होते. गुरुनाथराव तेवढे तिथल्याच उइटहॉर्न गावात घर घेऊन राहिले. महिनाअखेरीला तेही निवृत्त होणार होते. निरोप समारंभ अर्थात स्क्रीनवर.

त्यांना एकच खंत होती. उद्घाटनाच्या एकुलत्या एक फोटोत ते नव्हते, कारण तो त्यांनीच काढला होता. नंतरही सगळ्यांबरोबर फोटो काढायचा राहून गेला, आणि आता 'सगळे' म्हणजे स्क्रीनवरचे चौकोन. चारच्या चहाला ऑफिसात व्हायचा तो गलका त्यांना इतका आठवायचा, की घरी एकट्यासाठी चहा करतानाही आधण जास्तच पडे.

इतिहास मात्र त्यांनी झोकात लिहिला. उद्घाटनाला तेव्हाच्या साहेबांनी, परदेशात थोडं जास्तच मंगल असावं म्हणून, उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवला होता. त्या धुराने अलार्म वाजून आगीचा बंब आला, हे काही बँकेला शोभणारं नव्हतं. तेवढं गाळून त्यांनी 'उदबत्त्यांच्या अख्ख्या पुड्याच्या मंगल सुगंधात' असं लिहिलं.

मुंबईच्या हेड ऑफिसातल्या मृणालिनीबाईंना नेमका तोच सुगंध आवडला. "सर, वर्धापनदिनाला ऑफिसात जाऊन सगळं तस्सं करा. समई, उदबत्त्यांचा अख्खा पुडा. आम्ही ऑनलाइन बघतो."

नाही म्हणायचं तर गाळलेलं सांगावं लागणार. गुरुनाथरावांनी तोंडात मिठाची गुळणी धरली.

ऑफिसात जायची परवानगी एकाच माणसाला होती. तरी सवयीने त्यांनी पेढे नेले ते सगळ्यांना पुरतील एवढे. रिकाम्या खुर्च्या बघून त्यांना भरून आलं. धुराला वाट म्हणून खिडकी उघडावी, तर ती उघडणाऱ्यातली नव्हती. शेवटी त्यांनी लॅपटॉप मांडला, समई लावली आणि देवाचं नाव घेऊन पुडा पेटवला. मुंबईच्या चौकोनांनी टाळ्या वाजवल्या. त्या थांबायच्या आत अलार्म सुरू झाला.

"सर, हे म्युझिकपण तेव्हाचंच का?" मृणालिनीबाईंनी कौतुकाने विचारलं.

थोड्याच वेळात अग्निशामक दलाचे पाच जण हेल्मेट आणि मास्क घालून आत आले. गुरुनाथरावांनी उदबत्त्या फुलदाणीत बुडवल्या आणि डचमध्ये माफी मागायला सुरुवात केली. पण त्यांच्यातला पांढऱ्या भुवयांचा म्होरक्या ऐकतच नव्हता. त्याने मास्क जरा खाली केला आणि वास घेतला.

"मी इथे आलोय," तो म्हणाला. "नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात. हाच वास होता. कोणीतरी मला काहीतरी गोल, गोड दिलं होतं."

"पेढा," गुरुनाथराव म्हणाले. "मीच दिला होता."

पेढ्यांचा खोका टेबलावर ठेवून ते नियमाप्रमाणे मागे सरले. म्होरक्याचं नाव वीम. तेव्हाचे बाकीचे लोक कुठे आहेत, असं त्याने विचारलं.

"गेले परत. तो दिवस आठवणारे इथे आता आपण दोघंच."

लॅपटॉपमधून मृणालिनीबाईंनी तेवढ्यात फोटो टिपला. दीड-दीड मीटर अंतरावर पाच दणकट माणसं, प्रत्येकाच्या हातात पेढा, आणि मधोमध गुरुनाथराव.

आठवड्याने मुंबईहून विचारणा झाली, की फोटो छान आहे, पण बाहेरची माणसं कापायची का. गुरुनाथरावांनी आधी इतिहासातलं गाळलेलं वाक्य परत घातलं. फक्त अग्निशामक दल 'धावत आले'च्या जागी 'उपस्थित होते' केलं. मग उत्तर लिहिलं.

"बाकीच्यांचं तुम्ही ठरवा. पांढऱ्या भुवयांचे वीम मात्र राहू द्या. ते पहिल्या दिवसापासून आहेत."