परुळेकरांचा डोंगर

परुळेकरांच्या पुढ्यात चहा ठेवला की आमची ही आधी पावाची बशी उचलून आत न्यायची. कारण हा गृहस्थ चहा प्यायचं सोडून तो पावावर थेंब थेंब ओतायचा आणि खाली बशीत कधी उतरतो ते टक लावून पाहायचा. "आधी जमीन पिते, मग नदी," असं वर आम्हालाच ऐकवायचा.

परुळेकर बंधाऱ्यांच्या कचेरीत इंजिनीयर. लालबागच्या आमच्या चाळीत एकटेच राहायचे. कोकणातल्या एका ओढ्यावरच्या बंधाऱ्यावरून त्यांचं साहेबांशी वाजलं होतं. साहेबांच्या गणितात पाऊस कधीही पडो, त्याचा ठरावीक वाटा ओढ्यात येणार. परुळेकर म्हणत, तहानलेली जमीन आणि भिजलेली जमीन एकच कशी? त्या हिशेबाने सांडवा, म्हणजे जादा पाण्याची वाट, अरुंद ठेवला, तर बंधारा फुटून खालची वाडी वाहून जाईल.

त्या वर्षी गणपतीत चाळीला संयुक्त महाराष्ट्राचा देखावा हवा होता. सह्याद्रीचं काम परुळेकरांनी मागून घेतलं आणि मंडळाने भाबडेपणाने हो म्हटलं. पहिला डोंगर सिमेंटचा केला. झारीभर पाणी ओतताच ते थेट अध्यक्षांच्या धोतरावर आलं. दुसरा चिंध्यांचा, त्याने सगळं गिळून टाकलं. शेवटी खाली खडी, मध्ये माती, वर काथ्या. डोंगर कसला, उकिरडाच तो. मी तसं बोललो, तर म्हणाले, "दिसायला डोंगरासारखा नसला तरी चालेल, वागायला हवा."

मग साहेबांना दर्शनाला बोलावलं. परुळेकरांनी झारी ओतली. डोंगराच्या पायथ्याशी त्यांनी बांधलेल्या मातीच्या बंधाऱ्यात जेमतेम करंगळीएवढी धार आली. साहेब हसले. परुळेकरांनी तेवढीच झारी पुन्हा ओतली. या वेळी लोंढा आला, बंधारा फुटला आणि साहेबांचे मोजे चिंब भिजले. साहेबांनी वाकून मोजे पिळले. मग सांडवा रुंद करायला हवा, असं म्हणाले. चाळीने सवयीने "झालाच पाहिजे!" अशी आरोळी ठोकली. ती भोईवाड्यापर्यंत गेली असेल. मला तर परुळेकरांना खांद्यावर घ्यावंसं वाटलं.

आरतीनंतर मंडप रिकामा झाला. परुळेकर चिखल उपसत होते. फुटलेल्या बंधाऱ्याखाली काडेपेटीचं एक घर आडवं पडलं होतं. अख्ख्या देखाव्यात त्यांनी ना झाड केलं होतं, ना देऊळ. पाण्याला या घराचं काय काम, असं मी थट्टेने विचारलं.

त्यांनी ते घर सदऱ्याला पुसलं.

"पाण्याक नको, माका होया," ते म्हणाले. "माजी म्हातारी आवस थय वाडीत एकटीच रवता. किती सांगलंय, मुंबयक येऊक तयार नाय. आता रवांदे थयच."