इसोगाईंची कंबर

शाळेच्या निरोप समारंभाला पाठवलेल्या लाल-पांढऱ्या मांजूंच्या, म्हणजे वाफवलेल्या गोड बन्सच्या, सारणात साखरेऐवजी मीठ पडलं, आणि इसोगाईंच्या तीन पिढ्यांच्या मिठाईच्या दुकानाची अब्रू दोन दिवसांत गावभरच्या फोनवर फिरली. मागण्या रद्द होऊ लागल्या.

"बाबा, आज कॅमेऱ्यासमोर माफी मागायची," मुलगी चिनात्सु म्हणाली. दुकानाचं सोशल मीडिया तीच सांभाळायची. "कमरेत काटकोनात वाका, मनात आठ आकडे मोजा, मग उठा."

"चुकलो म्हणून तोंडाने सांगतो की. आकडे कशाला?"

"तोंडाचं कोण ऐकतं? लोक वाकणं मोजतात. पाचाला उठलात तर उर्मट, पंधराला उठलात तर नाटकी."

इसोगाई वाकले. सहाव्या आकड्याला त्यांच्या कमरेत उसण भरली. आठ झाले, वीस झाले. "बाबा, पुरे," चिनात्सु कॅमेऱ्यामागून कुजबुजली. बाबा हलेनात. नाकाच्या शेंड्यावरून घाम टपकत होता. चार मिनिटांनी त्यांची बायको फुसाए आली आणि त्यांना तसंच वाकलेलं आत घेऊन गेली.

संध्याकाळपर्यंत हजारो लोक हळहळले. 'असा पश्चात्ताप आता कुठे दिसतो?' 'त्यांचे अश्रू पाहून मीही रडले.' मागण्या परत आल्या.

कमरेला औषधी पट्ट्या लावून पडलेल्या इसोगाईंच्या घशाखाली मात्र घास उतरेना. "फुकटचं कौतुक आहे हे. मी आठालाच उठणार होतो."

"देव पावलाय, तर गप्प बसा ना," चिनात्सु म्हणाली.

पण म्हातारा हट्टी. दुसऱ्या दिवशी पुन्हा कॅमेऱ्यासमोर खांबासारखा ताठ उभा राहून त्याने सांगून टाकलं, "काल अडकली ती कंबर होती. ते अश्रू नव्हते, घाम होता. मिठाचं वाईट वाटलं, तेवढं खरं."

लगेच लोकांनी लिहिलं, 'केवढा हा विनय!'

"खरं बोलायचीही सोय उरली नाही," इसोगाई पुटपुटले. तेवढ्यात दुकानातला फोन वाजला. शाळेच्या मुख्याध्यापिका कुरोइवाबाई होत्या.

"इसोगाईसान, तुमचा माफीचा व्हिडिओ पाहिला, तेव्हाच मी ओळखलं होतं. आमच्या ह्यांचीही कंबर अशीच धरते. गरम पाण्याने शेका. मांजू मात्र भयंकर होते हं, पोरं अजून हसतायत. पुढच्या वर्षीही तुमच्याकडचेच पाठवा. फक्त आधी एक चाखून बघा."

इसोगाईंना भरून आलं. फोन कानाला लावून, समोर कोणीही नसताना, ते मनापासून खाली वाकले. आकडे मोजायचं सुचलंच नाही.

"फुसाए, जरा ये गं," जमिनीकडे बघतच ते समाधानाने म्हणाले. "चिनात्सुला मात्र बोलावू नकोस."