चाखेरावांचं निर्व्यसनी लिव्हर

"फॅटी लिव्हर? मला?" चाखेराव खुर्चीतून अर्धे उठले. "अहो डॉक्टरीणबाई, रिपोर्ट बदललाय कुणीतरी! मी जन्मात दारूचा थेंब तोंडाला लावलेला नाही!"

"दारूचं नावही काढलं नाही मी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लिव्हरवर चरबी साठलीय. न पिणाऱ्यांनाही साठते. साखर, मैदा, सुटलेलं पोट, बैठं काम. तुम्ही काम काय करता?"

"बिस्किटांच्या कारखान्यात चाखणारा आहे. भट्टीतून निघालेला प्रत्येक घाणा आधी माझ्या जिभेवर येतो."

"चाखून थुंकता ना?"

"थुंकू?" आता ते पुरते उठले. "अन्न? लाज नाही वाटणार मला?"

बाकी ठिकाणचे चाखणारे घास जिभेवर घोळवून सरळ भांड्यात टाकतात. चाखेरावांच्या टेबलाखालीही तसं भांडं होतं. त्यात त्यांनी मनीप्लांट लावला होता. शिवाय एका चाव्यावर निकाल देणं म्हणजे बिस्किटावर अन्याय, असं त्यांचं मत असल्यामुळे ते अख्खं बिस्किट खाऊनच निकाल देत.

"आत्ता सुरुवात आहे, बरं होईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोड आणि मैदा बंद. रोज भरभर चाला, वजन हळूहळू उतरवा. दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका."

घरी आल्यावर बायकोनं काळजीनं आपल्या भावाला फोन केला, आणि तिथेच घात झाला. हा मेहुणा त्याच कारखान्यात पॅकिंगला होता आणि संध्याकाळी नेमानं 'बसायचा'. तो धावतच आला.

"दाजी! आत्मा थंड झाला! इतकी वर्षं माझ्या ग्लासाकडे बघून नाक मुरडत होतात, आणि लिव्हर माझ्याआधी तुमचं? कुठे बसता हो? एकटेच?"

"चालता हो!" चाखेराव गरजले.

तो चालता झाला, पण दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत त्यानं कारखानाभर दाजींची बाजू मांडली. "त्यांना कुणी काही बोलू नका. सवय वाईट असते. सुटता सुटत नाही." शत्रू परवडला, पण असा वकील नको!

तासाभरात मालकीणबाईंचं बोलावणं आलं. पिणाऱ्याची जीभ खोटं बोलते, हा त्यांचा जुना सिद्धांत.

"मी पीत नाही!" चाखेराव ओरडले. संतापानं चेहरा लालभडक झाला, हात थरथरले, शब्द अडखळले. मालकीणबाईंना आणखी पुरावा लागला नाही.

"तीन महिने गोदामात जा. मग जीभ तपासते. चुकली, तर खुर्ची दुसऱ्याला."

वीस वर्षांची खुर्ची! ज्याची ओळखच जीभ, त्यानं खोकी मोजायची? चाखेराव गोदामाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तरातरा चालत सगळ्यांचा उद्धार करू लागले. घरी बायकोनं साखरेचा डबा दडवला. "याला चहा म्हणतात? हा चहाचा अपमान आहे!" ते रोज म्हणत आणि रोज पीत. हळूहळू विजार कमरेवरून घसरायला लागली.

"चरबी कमी होतेय," डॉक्टरीणबाई खूश झाल्या.

"होणारच! मी पीतच नव्हतो!"

डॉक्टरीणबाईंनी हात जोडले.

परीक्षेच्या दिवशी सगळा कारखाना गोळा झाला. मेहुणा तर पहिल्या रांगेत. टेबलावर तीन ताटल्या. चाखेरावांनी पहिलं बिस्किट चावलं आणि तोंड वाकडं केलं.

"साखरेचं पोतं ओतलंय का यात?"

दुसरं चावलं. "हे तसंच!" तिसऱ्याला तर त्यांनी नुसते दात लावले आणि ताटली ढकलून दिली.

"मी नाही म्हणून काय वाट्टेल ते चाललंय इथे! हे प्रमाण ज्या गाढवानं ठरवलं, त्याला आधी हाकला!"

भट्टीवाला छताकडे बघू लागला.

"तिन्हींत आपलं नेहमीचंच बिस्किट आहे," मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या. "प्रमाण तुमचंच. दर वर्षी म्हणायचात, गोडी कमी पडतेय, आणखी मूठभर टाका. गिऱ्हाइकं का पळतायत ते आम्हाला कळत नव्हतं. आज कळलं. जीभ ताळ्यावर आलीय तुमची. उद्यापासून खुर्चीवर बसा आणि साखर तुम्हीच कमी करून द्या."

चाखेरावांनी ढकललेली ताटली हळूच जागेवर ठेवली.

घरी येऊन ते गुमान बसून राहिले. बायको घाबरली.

"अहो, खुर्ची गेली का?"

"मिळाली."

"मग असे का बसलात?"

"अगं, तीन महिने डॉक्टरीण, मालकीण, तुझा भाऊ, सगळ्यांवर तोंडसुख घेतलं. खरं गाढव आज सापडलं."

"मग त्याला सुनावा ना चांगलं! इतके दिवस आमचे कान किटवलेत."

"कसं सुनावू?" चाखेराव चिडून म्हणाले. "एकट्यानं स्वतःलाच शिव्या घालत बसलो, तर तुझा भाऊ गावभर सांगेल, दाजी आज पिऊन आलेत म्हणून!"