पद्मजाबाईंचे दहापैकी आठ

"अहो, आठ!" पद्मजाबाई बाथरूममधून बाहेर येत ओरडल्या, आणि श्रीनिवासरावांनी पेनाचं टोपण काढून डायरीच्या रकान्यात सुबक अक्षरात शून्य लिहिलं.

यात लबाडी नव्हती हो! हा माणूस एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजच्या तक्रारींच्या टेबलावर बसून निवृत्त झालेला. त्या टेबलावर त्यांनी स्वतःपुरता एक नियम करून ठेवला होता: रोज येते ती तक्रार नव्हे, तो त्या लाइनचा स्वभाव. खरखर नेहमीचीच असली की 'तपासले, ठीक' असा शेरा मारायचा. नेहमीपेक्षा वाढली तरच लाइनमन धाडायचा. पद्मजाबाईंचं दुखणं रोजचं आठ. आठातून आठ गेले, उरलं शून्य. एखाद्या दिवशी बाई नऊ म्हणाल्या तर हे प्रामाणिकपणे एक लिहीत.

गोष्ट दोन हजार दोन सालची. काय दिवस होते ते! बिबवेवाडीच्या गच्चीवरून अजून पर्वती दिसायची. अमेरिकेतल्या मुलाची ई-मेल सायबर कॅफेत छापून आणायची आणि सगळ्या जिन्याला वाचून दाखवायची, असा रिवाज होता. आणि कॉम्प्युटरनं सांगितलं म्हटलं की भलेभले गप्प बसायचे.

पद्मजाबाईंचं मूत्राशय गेली अकरा वर्षं दुखत होतं. जरा लघवी साठली की ओटीपोटात निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. पाच डॉक्टर झाले, सगळे रिपोर्ट स्वच्छ. "मनाचे खेळ आहेत, भजनी मंडळात जा," असंही एकानं सांगून टाकलं. त्याचं एक सोडा, पण प्रत्येक रिपोर्ट चष्म्यासमोर धरून श्रीनिवासराव म्हणायचे, "बघ, सगळं ठीक आहे." ते मात्र बाईंच्या जिव्हारी लागायचं. औषध मिळो न मिळो, कुणीतरी एकदा 'हो, खरंच दुखतंय' म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं.

म्हणून तर डॉक्टर नम्रतांच्या संशोधनात नाव घालायला त्या स्वतः गेल्या. डेक्कनच्या बाजूला एका केंद्रात या तरुण डॉक्टरीणबाई, मूत्राशय निरोगी दिसत असूनही मेंदूतली कुठली वेदनेची साखळी दुखणं जागं ठेवते, ते शोधत होत्या. वीस दुखणाऱ्या बायका, वीस न दुखणाऱ्या. आधी आठवडाभर दुखणं दहापैकी किती, याची डायरी भरायची, मग पाणी पिऊन मशीनमध्ये मेंदूचा फोटो. डायरी इंग्रजीत होती आणि तिला रकाने होते. श्रीनिवासरावांनी ती बायकोच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतली.

कॉम्प्युटरनं सरासरी काढली आणि पद्मजाबाईंना न दुखणाऱ्यांत टाकलं. कॉम्प्युटरच तो, त्याला कोण विचारणार?

फोटोच्या दिवशी बाई लिटरभर पाणी पिऊन मशीनमध्ये गेल्या. काचेपलीकडे श्रीनिवासरावांशेजारी बसून नम्रता पडद्याकडे बघत होती. बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"ओ माय गॉड! या तर नॉर्मल ग्रुपमधल्या आहेत ना? मग हे सगळं का पेटलंय? काका, मशीन गेलं बहुतेक!"

"ठोकून बघ," श्रीनिवासराव म्हणाले. एक्स्चेंजमध्ये बरंच काही ठोकून चालू व्हायचं.

"तसं नाही चालत हो. कुणीतरी एकदम हेल्दी माणूस घालून चेक करायला हवं. मशीनच बिघडलं असेल तर आधीचे सगळे रीडिंग्ज वाया! काका, तुम्हाला काही त्रास?"

"मला? छे! आण इकडे पाणी. त्यात काय, पाणीच तर प्यायचंय."

लिटरभर पाणी प्यायले, अर्धा तास बसले, तोवर ठीक होतं. मग त्या नळीत आडवे झाले. हलायचं नाही, बोलायचं नाही, कानाशी ठकठक ठकठक. पाचव्या मिनिटाला त्यांना आपली आई आठवली. नवव्या मिनिटाला देव आठवले. अकराव्या मिनिटाला, त्रास झाला तर दाबायला हातात दिलेला रबरी फुगा त्यांनी असा काही दाबला की नम्रता धावतच आली.

"काका, दुखणं दहापैकी किती?"

"दहा! आधी मला जाऊ दे!"

ते परत आले तेव्हा पडद्यावर दोन फोटो शेजारीशेजारी लावलेले होते. त्यांच्या मेंदूत दोनचार फिकट ठिपके. पद्मजाबाईंच्या मेंदूत दिवाळी.

"मशीन ठीक आहे," नम्रता म्हणाली. "काकू, तुम्हाला खरंच काही दुखत नाही?"

"अगं, रोज आठ सांगते मी!"

नम्रतानं डायरी उघडली. शून्य, शून्य, एक, शून्य. पद्मजाबाईंनी डायरीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. श्रीनिवासरावांनी आपला नियम सांगायला सुरुवात केली आणि अर्ध्यातच सोडून दिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना स्वतःच्या त्या टेबलाची लाज वाटली.

"दुखणाऱ्यांच्या गटात एकच जागा राहिलीय," नम्रता म्हणाली. "ती काकूंची. नवी डायरी भरायची. काकू, तुम्ही स्वतः. आणि हे खरं दुखणं आहे बरं का. मनाचे खेळ म्हणणाऱ्याला माझ्याकडे पाठवा."

पद्मजाबाईंनी पदरानं डोळे पुसले, पण नवऱ्याशी बोलल्या नाहीत. बसमध्येही नाहीत.

मार्केट यार्डाच्या अलीकडे गुळाचे ट्रक आडवे लागले आणि बस जागच्या जागी थांबली. मघाचं पाणी अजून उतरतच होतं. श्रीनिवासरावांनी पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरला. पाय हलवले, घाम पुसला, पण भर बसमध्ये सांगणार कसं? पद्मजाबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. किती, म्हणून विचारलं नाही. सरळ उठल्या.

"कंडक्टर, यांना उतरायचंय."

"स्टॉप पुढे आहे, बाई."

"तुमचा पुढे आहे. यांचा इथंच आहे."

"आजारी आहेत का?"

"दुखतंय त्यांना. फार दुखतंय."

कंडक्टर बाजूला झाला. पद्मजाबाई ट्रकांच्या मधून, हमालांच्या पाठींमधून, कुणालाही न विचारता झपझप पुढे चालल्या आणि श्रीनिवासराव मागून.

"तिसऱ्या गाळ्याच्या मागे, डाव्या हाताला. कडी लागत नाही. मी दार धरून उभी राहते."

आत गेल्यावर श्रीनिवासरावांना एकदम सगळं उमगलं. डेक्कनपासून बिबवेवाडीपर्यंतची अशी किती दारं हिला पाठ असतील? आणि ती धरून कोण उभं राहत असेल?

"पद्मा," आतून त्यांचा आवाज आला, "अकरा वर्षं तू एकटीनंच...?"

"आधी तुमचं उरका," बाहेरून पद्मजाबाई म्हणाल्या. "माझीही वेळ झालीय. मग दार तुम्ही धरा."