भावकूअण्णांची रबरी विजार

भावकूअण्णांनी आयुष्यात एकही वस्तू फेकली नव्हती, आणि त्यांनी दुरुस्त केलेली एकही वस्तू पुन्हा धड चालली नव्हती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असं फक्त त्यांच्या बायकोला, जयाबाईंना वाटे.

बेळगावच्या एका पतसंस्थेत कारकुनी करून अण्णा रोज संध्याकाळी जांबोटी रस्त्यावरच्या आपल्या गावी परतत. घराची मागची खोली त्यांच्या दुरुस्त्यांनी भरलेली. तिथं मान टाकलेला टेबलफॅन होता, उघडली की न मिटणारी छत्री होती, आणि चित्र न दिसणारा टीव्ही होता. (त्यावर अण्णा बातम्या ऐकत. बातम्यांत बघण्यासारखं असतं काय, हा त्यांचा सवाल.) जयाबाई मात्र शिलाई मशीन घेऊन पुढच्या उघड्या सोप्यात बसत, आणि पावसाची झड आली की गावभरचे ब्लाऊज पोटाशी धरून आत पळत.

अशात जयाबाईंचा भाऊ गुंडू आला. तो गोव्यात हॉटेलात कामाला. कुणी परदेशी पाहुणा खोलीत सोडून गेलेली रबरी विजार त्यानं अण्णांसाठी आणली होती. खाली बूट जोडलेले, वर छातीपर्यंत रबर, खांद्यावर पट्टे. पाण्यात उभं राहून मासे धरायचे आणि कोरडं घरी यायचं. अण्णा ती घालून मलप्रभा नदीत उतरले आणि डावी मांडी ओली करून परत आले.

"गळकी हाय, दाजी," गुंडूनं मोबाईल काढला. "ऑनलाईन नवी मागवतो."

"नवी कशाला?" अण्णा म्हणाले. देवघरात लावावं असं हे त्यांचं वाक्य.

जयाबाईंनी सुई ब्लाऊजात टोचून ठेवली. "माझ्या भावासमोर सांगते. जोडल्यावर ह्यात पाण्याचा थेंब जरी आत आला, तर मागची खोली माझी. न्हाय आला, तर मरंस्तोवर मी सोप्यात शिवीन."

"कबूल."

यल्लाप्पाच्या पंक्चरच्या दुकानातून अण्णांनी ट्यूबचा तुकडा आणि सोल्युशन आणलं. "द्या अण्णा, मी लावतो," यल्लाप्पा म्हणाला. "तू सायकली बघ," अण्णा म्हणाले. घरी त्यांनी स्वतःच मांडीवर पॅच मारला, आणि दोन दिवस घरातल्या आमटीलासुद्धा सोल्युशनचा वास होता. मग विजार फणसाच्या फांदीला टांगून त्यांनी काठोकाठ पाणी भरलं. सकाळी शेजारच्या राजाबाई अंगणात आल्या आणि "कुणाचं धड टांगलंय गं?" म्हणून मटकन खालीच बसल्या.

"बघ," अण्णा बायकोला म्हणाले, "थेंब गळत न्हाय."

"भायेर येत न्हाय ते दिसलं. आत येत न्हाय ते कुणी बघितलं?"

म्हणून रविवारी सगळे नदीवर. पट्ट्यांची बक्कलं तुटकी होती. ती अण्णांनी अंगावरच तारेनं बांधून पक्की केली. (लई पक्की.) ते गुडघाभर पाण्यात गेले. "कसं?"

"तेवढ्यात काय, लुगडं वर धरून मीबी कोरडी ऱ्हाते."

अण्णा कमरेएवढ्या पाण्यात गेले, मग त्याहून थोडं पुढं. मांडी खडखडीत कोरडी. तेवढ्यावर ते माघारी फिरते तर आज ही गोष्ट लिहावी लागली नसती. पण त्यांनी गळ टाकला आणि तो खालच्या दगडात अडकला.

"सोडा तो, दाजी. नवा गळ देतो."

"नवा कशाला?" म्हणत अण्णा वाकले.

मलप्रभा विजारीच्या वरच्या काठावरून शांतपणे आत शिरली. अण्णा सरळ झाले. चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही. काठाकडं निघाले, पण पाणी उथळ झालं तसा एकेक पाय उसाच्या ट्रॉलीसारखा जड होऊ लागला. आत भरलेलं पाणी पॅचनं इमानानं धरून ठेवलं होतं. काठाशी येऊन ते उभेच राहिले.

"पट्टे सोडा आणि भायेर या," जयाबाई म्हणाल्या. तार काही सुटेना.

"मग विळ्यानं कापू?" गुंडूनं विचारलं.

"रबराला हात लावलास तर माझ्याशी गाठ हाय."

शेवटी गुंडूनं त्यांना उताराच्या काठावर उताणं पाडलं, डोकं नदीकडं केलं आणि दोन्ही पाय धरून वर उचलले. सगळं पाणी छातीवरून, गळ्यावरून, नाकातोंडावरून धो धो निघालं. सर्वांत शेवटी बोटाएवढा एक मासा आला आणि अण्णांच्या हनुवटीवर तडफडू लागला. ही त्या दिवसाची सगळी मासेमारी.

अण्णांनी चूळ टाकली. "बघ. एवढा मासा पॅचमधनं आला व्हय? म्हंजे पाणी वरनं आलं. पॅच जिंकला."

"दाजींचं बरोबर हाय, आक्का," गुंडू म्हणाला.

"थेंब आत आला तर, असं मी म्हणलं होतं. कुठनं, ते म्हणलं न्हवतं." जयाबाईंनी मासा उचलून नदीत सोडला. "ह्यो थेंब तर बिऱ्हाड घेऊन आलता."

संध्याकाळपर्यंत मशीन मागच्या खोलीत गेलं आणि टीव्ही वायर ओढून फणसाखाली आला. नळाला एक दिवसाआड पाणी, म्हणून जयाबाईंनी विजार पुन्हा फांदीला टांगली आणि गळ्यापर्यंत भरून ठेवली. आठवड्यानं राजाबाई तांब्या बुडवून बघत म्हणाल्या, "लई सोईचं हाय गं. मला अशी नवी मिळंल काय?"

"नवी कशाला?" मागच्या खोलीतून मशीन न थांबवता जयाबाई म्हणाल्या. "गळकी आणा कुठनंतरी. आमचे हे जोडून देत्यात."

फणसाखाली अण्णांची मान ताठ झाली. ताठ मानेनंच त्यांनी बातम्यांचा आवाज वाढवायला हात लावला, आणि बटण हातात आलं.