तिसरी मोजणी

आमच्या गावच्या स्टँडवर, चहाच्या टपरीसमोर, पांढऱ्या शर्टातला कुणी गृहस्थ गुडघे टेकून बसलेला दिसला तर तो देवाला हात जोडतोय असं समजू नका. ते आमचे विज्ञानाचे शरणप्पा सर. फळीवरच्या ग्लासात चहा किती आहे ते पाहत असतात. मी दिसले की मला सांगतात, "वरून बघितलं की एक दिसतंय, अक्का, खालून बघितलं की दुसरंच. डोळा बरोबरीला आणल्याबिगर खरं कळत न्हाई." चहावाला बिचारा दुप्पट चहा द्यायला तयार असतो, फक्त उठा म्हणतो.

मी त्यांच्याच हायस्कूलात मराठी शिकवायची. बसवकल्याणच्या पुढं, उमरग्याच्या वाटेवर, पण कर्नाटकाच्याच हद्दीत आमची मराठी शाळा. सर घरात कन्नड बोलणारे, माझ्याशी मराठी, बसच्या कंडक्टरशी दखनी उर्दू. घरात म्हणजे स्वतःशीच, कारण बायको जाऊन बरीच वर्षं झाली. फोडणी टाकताना ते प्रयोगशाळेतला जाड चष्मा लावतात. लग्नाच्या पंगतीत वरणावरून हातानं वारा घेऊन आधी वास घेतात. "थेट नाक घालायचं न्हाई," हे शेजारच्या पाहुण्यालाही सांगतात. लोक हसतात. पण त्यांच्या प्रयोगशाळेत एकाही पोराचं बोट कधी भाजलं नाही, हे हसणाऱ्यांना कुणी सांगत नाही. जितकी पोरं तितके चष्मे ते स्वतः आणून ठेवत. एक कमी नाही, एक जास्त नाही.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "आलेलं लिवा, पायजेल ते लिवू नका." एकदा उकळत्या पाण्याचं तापमान घ्यायचं होतं. आमचा भाग उंचावरचा, पारा अठ्ठ्याण्णवावर अडला. सगळ्या वर्गानं मुकाट शंभर लिहिलं. सरांनी शाळा सुटल्यावर सगळ्यांना परत पाणी तापवायला लावलं.

"पुस्तकात शंभर हाय, सर," एक पोरगी रडकुंडीला येऊन म्हणाली.

"पुस्तक आलंतं का तुझ्या गावात पाणी उकळायला?"

आणि कुठलीही गोष्ट तीनदा मोजायची. पहिल्यांदा मराठीत, मग कन्नडमध्ये, मग दखनीत. "एकाच भाषेत तीनदा मोजलं की जीभ पयलाच आकडा पुढं ढकलती," म्हणायचे. रोज सकाळी वहीत तापमान आणि हजर पोरं, दोन्हीची तीन तीन घरं भरायचे. तिन्ही मोजण्या मिळून पाच मिनिटांत संपायच्या, पण एक घर कधी रिकामं नसायचं.

मग ते वर्ष आलं. संस्थेनं कळवलं, नववी-दहावी मिळून पंधरा पोरं नसतील तर हायस्कूल बंद. मोजायला सरांनाच बसवलं, कारण त्यांच्या आकड्यावर कुणी शंका घेत नसे. त्यांनी मराठीत मोजलं, चौदा. कन्नडमध्ये मोजलं, हदिनाल्कु. दखनीत तरी वेगळं काही निघेल म्हणून आम्ही कान देऊन उभे होतो. तिथंही चौदाच.

हेडमास्तर हळूच म्हणाले, "ती रुक्मिणी पुण्याला गेली खरं, पण नाव अजून पटावर हाय की."

"नाव हाय. पोरगी न्हाई."

मला संताप आवरेना. "सर, एका आकड्यासाठी शाळा बुडवायलाव तुम्ही! जन्मात एकदा तरी पायजेल ते लिवा की!"

सर चष्मा पुसत राहिले. मग अगदी साधेपणानं म्हणाले, "अक्का, तुमची लेक नववीलाच हाय न्हवं?"

माझी लेक पिवळ्या बसनं बसवकल्याणच्या इंग्रजी शाळेत जाते. मराठी शिकवणाऱ्या बाईची लेक. त्यांनी चौदा लिहिलं.

जूनमध्ये पोरं शेजारच्या गावच्या कन्नड शाळेत गेली. मला खालच्या वर्गांवर टाकलं. सरांना प्रयोगशाळेतल्या सामानाची यादी करायला सांगितलं होतं. दोन महिने झाले तरी यादी होत नव्हती.

परवा दुपारी खडू आणायला मी तिकडे गेले. सर कपाळावर चष्मा चढवून बसले होते. समोर तीच वही उघडी. तापमानाची तिन्ही घरं भरलेली. हजर पोरं : पहिली मोजणी शून्य, दुसरी शून्य. तिसरं घर रिकामं. मी मागची पानं उलटली. जूनपासून रोज तिसरं घर रिकामंच.

"सर, तिसरी मोजणी राहिली?"

"शाळा सुटल्यावर घेतो, अक्का." त्यांनी दाराकडे पाहिलं. "मदी कुणी आलं तर?"

मला तिथंच रडू फुटलं. ते लपवायला मी टेबलाकडे वळले. टेबलावर चष्मे धुऊन ओळीनं मांडले होते. मी मराठीत मोजले. कन्नडमध्ये मोजले. मोडक्यातोडक्या दखनीतही मोजले. तिन्ही वेळा पंधरा आले.

पंधरावा कुणाचा, हे मी त्यांना विचारलं नाही.